माणूस वगळलेला फोटो

श्रोतेहो, फोटोंबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे सगळा भार शब्दांवर येतो. आज तो जरा हलका आहे, कारण ज्या फोटोंविषयी मी बोलणार आहे त्यांत काही घडतच नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं जुनं ग्रंथालय घ्या. मधून लांबच लांब मोकळी वाट, दोन्ही अंगांना उंच चढत गेलेली पुस्तकांची कपाटं, कपाटांच्या तोंडाशी थोरामोठ्यांचे संगमरवरी अर्धपुतळे. वाचक एकही नाही. २००४ सालच्या या फोटोचं शीर्षक म्हणजे ग्रंथालयाचं नाव, गाव, एक क्रमांक आणि साल. बस्स. तो काढला कांडिडा होफर या जर्मन छायाचित्रकार बाईंनी. त्यांचा जन्म १९४४चा, मुक्काम कोलोन शहरात. गेली चाळीसहून अधिक वर्षं त्या ग्रंथालयं, नाट्यगृहं, संग्रहालयं, राजवाडे, विद्यापीठांची सभागृहं आतून टिपत आल्या आहेत. त्यांच्याविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते: फोटो देखणे खरे, पण त्यांत माणूस नाही. मला वाटतं, या फोटोंचा विषय माणूस हाच आहे. बांधलेली जागा आत येणाऱ्याला कसं वळण लावते, कुठे बसवते, कुठे थांबवते, कुणासमोर मान वर करायला लावते, हे त्या दाखवतात. आणि ते दिसावं म्हणूनच माणसाला तेवढ्यापुरतं बाहेर ठेवतात.

याचा पहिला पुरावा त्यांच्या सुरुवातीच्या कामातच सापडतो. पश्चिम जर्मनीनं १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी मजूर आणायला सुरुवात केली. १९७३मध्ये ही भरती थांबली, तोवर लाखो तुर्की माणसं तिथे येऊन राहिली होती. सत्तरच्या दशकात होफर या लोकांचे फोटो काढत होत्या: घरात, दुकानात, चहाच्या अड्ड्यावर, बागेत. म्हणजे माणसांनी भरलेले फोटो. पण ते करताना त्यांना दोन गोष्टी जाणवल्या, त्या त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितल्या आहेत. एक, कॅमेरा घेऊन दुसऱ्याच्या आयुष्यात शिरताना त्यांना अवघडल्यासारखं होई. दुसरी जास्त महत्त्वाची. परक्या देशातल्या चार भिंती ही माणसं आपल्याशा करून घेतात आणि त्या भिंतीही माणसांना थोडं बदलतात, यातच त्यांचं लक्ष गुंतू लागलं. तेव्हा रिकाम्या दालनांकडे त्या माणसांना कंटाळून गेलेल्या नाहीत. माणसांच्या घरांतूनच त्यांना ती वाट सापडली.

ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत १९७६पासून त्या बेर्न्ड बेखर यांच्या वर्गात होत्या. बेर्न्ड आणि त्यांच्या पत्नी हिला यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचे कृष्णधवल फोटो आयुष्यभर एकाच शिस्तीनं काढले: कॅमेरा समोरासमोर, आभाळ करडं, नाट्य नाही. एकाच जातीच्या अनेक वास्तू शेजारी शेजारी मांडल्या, की त्यांतले फरक आपोआप बोलू लागतात. होफर यांनी ही शिस्त उचलली, रंग स्वीकारला, आणि कारखान्याऐवजी इमारतीच्या आत पाऊल टाकलं.

पण मुख्य आक्षेप अजून उभाच आहे. हे सौंदर्य उसनं नाही का? दालन बांधलं वास्तुकारानं, नक्षी कोरली कारागिरानं, पैसा राजाचा, फोटोग्राफरचं काय? याला सगळ्यात चोख उत्तर होफर यांच्याच एका मालिकेत आहे, आणि तिच्यात राजवाडा केंद्रस्थानी नाही. रोदँ या फ्रेंच शिल्पकाराचा ‘कॅलेचे नागरिक’ हा प्रसिद्ध शिल्पसमूह आहे. चौदाव्या शतकात इंग्लंडच्या राजानं कॅले शहराला वेढा घातला, तेव्हा गाव वाचवण्यासाठी गळ्यात दोर अडकवून शत्रूपुढे गेलेले ते सहा जण. या शिल्पाच्या बारा ओतीव प्रती जगभर आहेत. होफर यांनी त्या बाराही प्रती, जिथे उभ्या आहेत तिथे जाऊन टिपल्या, आणि २००२ साली कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात ‘बारा’ या नावानं त्या मांडल्या गेल्या. कॅलेत ते सहा जण आपल्या गावचे आहेत. लंडनमध्ये ते पार्लमेंटशेजारच्या बागेत आहेत, म्हणजे ज्या राजसत्तेपुढे मान झुकवायला गेले तिच्याच दारात. बाझलमध्ये कलासंग्रहालयाच्या चौकात, टोकियोत पाश्चात्त्य कलेच्या संग्रहालयाच्या अंगणात. साचा एकच, जागा तेवढी बदलते. आणि जागेबरोबर तेच सहा जण कुठे हुतात्मे होतात, कुठे बागेतली शोभा, कुठे परदेशी कलेचा नमुना. एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदलत जायची, ही तर प्रयोगशाळेची रीत झाली. यात उसनं सौंदर्य कुठून आणायचं? जागा काय करते, एवढंच इथे तपासलेलं आहे.

नव्वदच्या दशकातली त्यांची प्राणिसंग्रहालयांची मालिका हीच गोष्ट जास्त कठोरपणे सांगते. तिथे दालन रिकामं नाही, जिराफ आहे, अस्वल आहे. पण भोवती सिमेंटचे खडक, रंगवलेल्या भिंती, प्रेक्षकाला दिसेल अशा बेतानं आखलेली फरशी. राहणाऱ्याच्या सोयीपेक्षा बघणाऱ्याच्या सोयीनं बांधलेली ही वास्तू आहे, आणि राहणाऱ्याला दार उघडून जाता येत नाही. हे फोटो पाहून पुन्हा सभागृहांच्या फोटोंकडे वळा. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांच्या रांगा आणि समोरचं उंच व्यासपीठ मग निरागस वाटत नाहीत.

तरी कुणी म्हणेल, हे सगळं माणसं ठेवूनही दाखवता आलं असतं. तसं ज्यांनी केलं त्यांचं उदाहरण समोर आहे. बेखर यांच्याच वर्गातून आलेल्या थॉमस श्ट्रुट यांनी १९८९च्या सुमारापासून संग्रहालयांतले फोटो काढले, ते प्रेक्षकांसकट. फोटो उत्तम आहेत. पण आपली नजर लगेच माणसांवर जाते: कुणाच्या पाठीवर पिशवी आहे, कोण कंटाळलंय, कोण कुणाला ओढतंय. दालन मागे सरून पडदा होतं. माणूस चौकटीत असला की माणसाला दुसरं काही दिसत नाही, हा आपला जुना स्वभाव. होफर यांच्या चौकटीत डोळ्याला तो आधार मिळत नाही, म्हणून तो खुर्चीच्या झिजलेल्या कडेवर, दिव्यांच्या रांगेवर, बाहेर जाण्याच्या पाटीवर थांबतो.

आता जाहिरातींचा मुद्दा. घर विकायला काढणारेही रिकाम्या खोल्यांचेच फोटो छापतात, मग फरक काय? तिथे भिंग असं वापरतात की वन बीएचकेमधली बैठकीची खोली दरबार हॉल भासावी. वायरी पुसल्या जातात, टेबलावर कुणी न खाणारी फळं येतात. होफर उपलब्ध उजेडातच काम करतात, वरून दिवे लावत नाहीत. कॅमेरा तिवईवर, झडप बराच वेळ उघडी. सोनेरी छताखाली अग्निशामक नळकांडं असेल तर ते राहतं, खिडकीतून ऊन भसकन आत येत असेल तर तेही राहतं. जाहिरातीतली खोली तुमची वाट पाहते. यांच्या खोलीला तुमच्याआधी कितीतरी लोक येऊन गेल्याचं ठाऊक असतं. बर्लिनच्या ‘नॉयेस म्युझियम’चं उदाहरण पाहा. महायुद्धातल्या बॉम्बनं उद्ध्वस्त झालेली ही इमारत कित्येक दशकं भग्न पडून होती. वास्तुकार डेव्हिड चिपरफिल्ड यांनी तिची डागडुजी करताना जखमा झाकल्या नाहीत, आणि २००९ साली होफर यांनी ती आतून टिपली. जुना रंग, उघडी वीट आणि नवं काँक्रीट एकाच भिंतीत दिसतात.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण परतवू शकत नाही. ऑपेरागृहांचे, राजवाड्यांचे त्यांचे प्रचंड आकाराचे फोटो कधी कधी गोड होतात. सोनं आणि मखमल इतकी असते की प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि श्रीमंत संग्राहकाच्या भिंतीवर तो फोटो स्वतःच एक झुंबर होऊन बसतो. माझी पसंती ऐंशीच्या दशकातल्या लहान आकाराच्या फोटोंना आहे. प्रतीक्षालयं, उपाहारगृहं, साध्या सभागृहांतल्या आपसात कुजबुजत असाव्यात तशा खुर्च्या. तिथे भुरळ घालायला काहीच नाही, म्हणून मुद्दा थेट पोचतो.

जर्मनीनं २००३च्या ‘व्हेनिस बिएनाले’ या कलाप्रदर्शनात आपलं दालन होफर यांच्याकडे, दिवंगत चित्रकार मार्टिन किप्पेनबर्गर यांच्याबरोबर, सोपवलं. दहा वर्षांनी तिथल्या जर्मनीच्याच प्रदर्शनात आपल्या छायाचित्रकार दयानिता सिंग होत्या. सिंग यांनीही रिकाम्या खुर्च्या आणि सरकारी दप्तरखान्यातली कागदांची गाठोडी टिपली आहेत, हे त्या दोघींचे फोटो पाहताना ध्यानात ठेवावं. आणि होफर समाजाकडे पाठ फिरवून बसल्या आहेत असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांच्यासाठी एक नोंद: कॅथे कोल्वित्स या चित्रकर्तीनं आयुष्यभर मजूर, भुकेली मुलं आणि शोक करणाऱ्या आया चितारल्या. तिच्या नावाचा बर्लिनच्या कला अकादमीचा पुरस्कार २०२४ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कांडिडा होफर यांना मिळाला.