छत्री, अँटेना आणि घरचे दप्तर



मुंबई-गोवा महामार्गाने वडखळचा नाका मागे टाकून नागोठण्याकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत गडब लागते. त्या गावातील एखाद्या जुन्या घराच्या छपराकडे मान वर करून पाहिले, तर आपल्याकडील दूरचित्रवाणीचा सारा इतिहास तेथे गंजलेल्या अवस्थेत का होईना, पण क्रमवार लावून ठेवलेला आढळतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाल्यावर केव्हातरी वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभारलेली अँटेना, नव्वदीनंतर केबलवाल्याने खांबाखांबावरून ओढून आणलेली काळी तार, आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने बिनवर्गणीची उपग्रहसेवा सुरू केल्यानंतर भिंतीला ठोकलेली छत्री, अशा तीन पिढ्या तेथे एकत्र नांदत असतात. आणि त्यांतली कोणतीही काढून टाकण्यास घरातील वडीलधारी मंडळी सहसा संमती देत नाहीत.

अशाच एका घरातील तरुण स्नेह्याने मला विचारले, की या सर्वांना घरातल्या एकाच संगणकाच्या स्वाधीन करून, एकाच पडद्यावर, एकाच रिमोटने पाहता येईल काय? येईल, असे मी म्हणालो. परंतु माझे पुढचे वाक्य ऐकण्यापूर्वीच त्याने बाजारातून दोन तोंडांचा एक साधा जोड आणला, एका तोंडात अँटेनाची तार आणि दुसऱ्यात छत्रीची तार घातली, आणि दोन्ही चित्रे एकदमच गमावून बसला.

असे का झाले, ते समजून घेतले तर या विषयाचे अर्धे मर्म हाती येते. छत्रीच्या तोंडाशी बसवलेले जे यंत्र असते, ज्यास एलएनबी म्हणतात, ते विजेवर चालते आणि ती वीज त्याला खालून, त्याच तारेतून पुरवली जाते: एका प्रकारच्या लहरी हव्या असतील तेव्हा १३ व्होल्ट आणि दुसऱ्या प्रकारच्या हव्या असतील तेव्हा १८ व्होल्ट. उलट साध्या अँटेनाची दोन टोके विजेच्या दृष्टीने बहुधा एकमेकांस जोडलेलीच असतात. तेव्हा दोन्ही तारा एकत्र बांधताच छत्रीसाठी निघालेली वीज अँटेनाच्या वाटेने आखूड मार्ग काढते आणि बिचारी एलएनबी उपाशी राहते. यावर डायप्लेक्सर नावाची हातात मावेल एवढी डबी मिळते. अँटेनाच्या लहरी ८६२ मेगाहर्ट्झच्या खाली असतात आणि एलएनबीने खाली धाडलेल्या लहरी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान असतात. हा फरक ओळखून ती डबी दोघींना एकाच तारेतून, परस्परांस हरकत न होता, खाली आणते. मात्र खाली, संगणकाजवळ, तशीच दुसरी डबी लावून त्यांची पुन्हा विभागणी करावी लागते, हे विसरणारे पुष्कळ आहेत. दोन छत्र्या असतील, तर त्यांच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या असल्याने डायप्लेक्सर निरुपयोगी. तेथे डायसेक या नावाचा बदलकळीचा डबा लागतो, जो संगणकाच्या हुकुमाप्रमाणे कधी ही तर कधी ती छत्री पुढे करतो.

पण तारांचे हे प्रकरण, खरे सांगायचे तर, दुय्यम आहे. खरे एकत्रीकरण तारांचे नसून याद्यांचे असते. संगणकात बसवलेले ट्यूनर कार्ड हे वसुलीच्या कारकुनासारखे असून त्याचा हलका ठरलेला असतो: अँटेनाचा कारकून छत्रीचे काम करीत नाही आणि छत्रीचा अँटेनाचे. मिथटीव्ही किंवा टीव्हीहेडएंड यांसारखी जी प्रणाली आपण संगणकात घालतो, तिला प्रथम प्रत्येक स्रोत स्वतंत्र नावाने नोंदवून द्यावा, मग प्रत्येकाच्या वाहिन्या शोधून घ्याव्यात, आणि त्यानंतरच सर्वांची मिळून एक घरगुती यादी तयार करावी. पुष्कळ लोक उतावीळपणे सगळे एकाच स्रोताखाली नोंदवतात. मग संगणक छत्रीवरची वाहिनी अँटेनाच्या कार्डाकडे मागू लागतो, आणि दोन भावांची खाती एकाच सातबाऱ्यावर चढल्यावर तलाठ्याच्या दप्तरात जो गोंधळ होतो, तोच आपल्या दिवाणखान्यात होतो.

एकच वाहिनी दोन वाटांनी येत असेल, तर तिची नोंद यादीत एकच ठेवावी आणि तिच्यापुढे वाटांचा अग्रक्रम लिहावा. समजा, सह्याद्री वाहिनी आपल्याला अँटेनावरही मिळते आणि छत्रीवरही. छत्रीच्या लहरी फार लहान असल्यामुळे मुसळधार पावसाचे थेंब त्यांना शोषून घेतात; आषाढात धरमतरच्या खाडीकडून काळाकुट्ट ढग चढून आला की छत्रीवरचे चित्र आधी चौकटी-चौकटींनी फुटते आणि मग नाहीसेच होते. अँटेनाच्या लांब लहरींना पावसाची तेवढी पर्वा नसते. म्हणून अशा वाहिनीसाठी पावसाळ्याचे चार महिने अँटेनाला पहिला मान द्यावा.

अँटेनाबद्दल एक खुलासा येथेच केला पाहिजे. ज्यात मुंग्या येत असत आणि ज्यासाठी छपरावरचा माणूस व घरातला माणूस एकमेकांना ओरडून हाका घालीत असत, ते जुने प्रक्षेपण आता जवळपास इतिहासजमा झाले आहे. दूरदर्शनने २०१६ साली मुंबईसह सोळा शहरांत नव्या अंकीय पद्धतीचे प्रक्षेपण सुरू केले. त्यासाठी टी-टू जातीचेच कार्ड हवे, जुने कार्ड फुकट मिळाले तरी घेऊ नये. गडबपासून वरळी हवाई अंतराने सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, मधला पट्टा बहुतेक समुद्राचा, खाडीचा आणि खारजमिनीचा. तरीही पैसे खर्चण्यापूर्वी एखादा उसना संच लावून चित्र येते की नाही हे रुजू करून घ्यावे.

छत्रीच्या बाबतीत ही शंका नाही. दूरदर्शनची बिनवर्गणी सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवरून येते. गडबहून पाहिले असता हे स्थान आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर असल्याने पूर्वेकडील डोंगरांचा अडथळा होत नाही. अडथळा होतो तो परसातल्या माडाचा. छत्रीच्या आग्नेयेस तिच्यापेक्षा आठ मीटर उंच माड असेल, तर तो पाच मीटरांहून अधिक दूर असला पाहिजे. छत्री पाहताना ती आकाशाऐवजी शेजाऱ्याच्या गच्चीकडे पाहत आहे असे वाटते, पण तिची घडणच तशी असते. तिचे लक्ष दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर असते. ती 'सरळ' करण्याचा मोह आवरावा.

या सेवेचा संगणकाला मोठा लाभ असा, की बहुतेक वाहिन्या खुल्या, कुलूपबंद नसलेल्या असतात आणि एकाच लहरीवर अनेक वाहिन्या गुंफलेल्या असतात. तेव्हा एकच ट्यूनर, त्या लहरीवर स्थिर झाल्यावर, तिच्यातील दोन-तीन कार्यक्रम एकाच वेळी मुद्रित करू शकतो. प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र कार्ड घेण्याचे कारण नाही. साधारण चार मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने येणारी वाहिनी तासाला सुमारे १.८ जीबी जागा व्यापते, त्यावरून हार्ड डिस्कचा हिशेब आपण घरी करावा.

वर्गणीच्या खाजगी सेवांना मात्र कुलूप असते. त्यांचा सेट-टॉप डबा बाजूला सारून त्यांची छत्री थेट संगणकास जोडली, तर यादीत वाहिन्यांची नावे दिसतील, चित्र दिसणार नाही. तेथे डब्याला नाईलाज म्हणून मधे ठेवावे आणि त्यास यादीतील शेवटचा स्रोत करावा.

आता खारट हवेविषयी. खाडीकाठच्या गावात तारेच्या टोकावरचे फिरकीचे जोड एका पावसाळ्यात हिरवे पडतात आणि माणसे दोष संगणकाला देतात. जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी गुंडाळावी. तार भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खालच्या बाजूला एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकेल. छत्रीच्या नळीला जमिनीत पुरलेली तांब्याची अर्थिंग द्यावी आणि वीज कडकडू लागण्यापूर्वीच तारा कार्डातून काढून ठेवाव्यात. काढण्यापूर्वी प्रत्येक तारेच्या टोकाला चिठ्ठी बांधा, ती कोणत्या छत्रीची आणि कोणत्या भोकात जाते ते लिहून. नाहीतर गणपतीत मुंबईची मंडळी घरी जमतील तेव्हा कोणती तार कुठली, हे तुम्हांला त्यांच्यासमोर छपरावर चढून पाहावे लागेल.