नागमोडी मफलर आणि वीस तास
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आज जवळ कागद-पेन्सिल असू द्या. मधे एक ओळ सांगणार आहे, ती लिहून घ्यायची आहे. हात पिठाचे असतील तर घरातल्या शाळकरी पोरीला बसवा लिहायला, तिलाही उपयोगी पडेल.

आमच्या गटातल्या एका सुनेनं मला फोनवर एक फोटो दाखवला. मफलरचा. लाल, केशरी, जांभळा, हिरवा, असे कितीतरी रंग आणि सगळे नागमोडी चाललेले, डोंगरांच्या रांगेसारखे. इटलीतल्या मिसोनी नावाच्या कंपनीचा. किंमत रुपयांत केली तर पंचवीस हजारांच्या पुढे. ती म्हणाली, "काकू, हे तर आपण विणू शकतो. आणि विकूही शकतो." पहिल्या वाक्याला मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या वाक्याचा हिशेब आम्ही वहीवर मांडला. आज दोन्ही सांगते.

आधी हे मिसोनी कोण ते ऐका, कारण गोष्ट आपल्यासारख्यांचीच आहे. ओत्ताविओ मिसोनी हा धावपटू होता. 1948 सालच्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत तो अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि इटलीच्या खेळाडूंनी अंगात घातलेले लोकरीचे सूट त्याच्या आणि त्याच्या मित्राच्या छोट्या कारखान्यात विणलेले होते. त्याची बायको रोझिता. तिच्या माहेरी शाली आणि भरतकामाच्या कापडाचा कारखाना. 1953 साली लग्न झालं आणि त्याच वर्षी गालाराते नावाच्या गावात दोघांनी विणकामाची मशीनं मांडली. सुरुवातीला त्यांच्या मशीनवर फक्त पट्टे निघत, सरळ पट्टे. मग साठच्या दशकात शाली विणायच्या जुन्या धाटणीच्या मशीनवर त्यांना नागमोडी नक्षी साधली, आणि तीच त्यांची ओळख झाली. म्हणजे नवराबायको, घरचा धंदा आणि जुनं मशीन. कारागिरी त्यांची खरीच, ती कमी लेखू नका. पण पंचवीस हजारांत लोकर आणि कारागिरी किती आणि नाव किती, हे आपलं आपण ओळखावं.

नागमोडी नक्षी मात्र एका घरची नव्हे. ब्रिटनच्या उत्तरेला शेटलँड नावाची बेटं आहेत, तिथल्या बायका समुद्राच्या लाटांसारखी नक्षी शालींवर विणत आल्या आहेत. कृती तीच: काही टाके वाढवायचे आणि तेवढेच घटवायचे.

त्यांचं मशीन आणि आपल्या सुया यांत एक फरक आहे. त्या मशीनवर शेकडो धागे उभे लावलेले असतात, प्रत्येक सुईला तिचा स्वतःचा धागा. म्हणून ते कापड पातळ, झुळझुळीत पडतं. आपण एका धाग्यानं आडवं विणतो. आपला मफलर जाड होणार, ऊबदार होणार, तसा झुळझुळणार नाही. फोटोतल्यासारखाच हवा म्हणून हट्ट धरू नका.

आता विणायचं कसं. टाका वाढवला की त्या जागी विण वर ढकलली जाते. दोन टाके एकत्र केले की त्या जागी ती खाली ओढली जाते. जिथे वाढ तिथे डोंगराचं टोक, जिथे घट तिथे दरी. एवढं डोक्यात बसलं की कागदाची गरज उरत नाही.

सुया 8 नंबरच्या घ्या, म्हणजे चार मिलिमीटरच्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा मोठा तेवढी सुई बारीक, हे नव्यानं शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मध्यम जाडीची लोकर सगळी मिळून दोनशे ग्रॅम. 44 टाके घाला. आता लिहा.

पहिली ओळ. सुरुवातीला एक टाका सुलट. मग, एका टाक्यात दोन, चार सुलट, दोनाचा एक, परत दोनाचा एक, चार सुलट, एका टाक्यात दोन. एवढा घास तीन वेळा. शेवटी एक टाका सुलट. दुसरी ओळ सगळी सुलट. झालं. याच दोन ओळी शेवटपर्यंत.

पुन्हा सांगते. एक सुलट. एकात दोन, चार सुलट, दोनाचा एक, दोनाचा एक, चार सुलट, एकात दोन. हे तीन वेळा. एक सुलट. परतीची ओळ सगळी सुलट.

"एकात दोन" म्हणजे टाका नेहमीसारखा पुढून विणायचा, पण डाव्या सुईवरून उतरवायचा नाही. त्याच टाक्यात मागच्या बाजूनं सुई घालून अजून एकदा विणायचा, मग उतरवायचा. "दोनाचा एक" म्हणजे दोन टाके एकत्र सुलट. एका घासात 14 टाके लागतात आणि 14च परत मिळतात, म्हणून प्रत्येक ओळीनंतर सुईवर 44च हवेत. 43 किंवा 45 आले तर पुढे जाऊ नका, त्याच ओळीत शोधा. दहा ओळींनंतर शोधणं म्हणजे तांदळातला खडा भात झाल्यावर शोधणं.

परतीची ओळ उलट का नाही, असं जुन्या विणणाऱ्या विचारतील. उलट विणलीत तर नक्षी जास्त कोरीव दिसेल, पण मफलरच्या कडा गुंडाळतात. दोन्हीकडून सुलट विणलं की तो सपाट राहतो आणि उलटी बाजूही वाईट दिसत नाही. मफलर गळ्यात फिरतो, मागची बाजू लोकांना दिसतेच.

आता रंग. आणि खरं सांगू का, या मफलरची सगळी मजा इथेच आहे. तुमच्या प्रत्येकीच्या पत्र्याच्या पेटीत उरलेल्या लोकरीचे गोळे असतील. बाळाच्या टोपीतली पिवळी उरलेली, सासऱ्यांच्या स्वेटरची तपकिरी, कशाची तरी राणी रंगाची. हे सगळे गोळे बाहेर काढा. दरवेळी रंग बदलायचा म्हटलं तर शेकडो टोकं लोंबतील आणि ती लपवण्यात जीव जाईल. त्यावर युक्ती अशी: एका रंगाची शंभर ग्रॅम लोकर विकत आणा, राखाडी, काळी किंवा गडद निळी. हा झाला पाया. उरलेल्या सगळ्या तुकड्यांची टोकं एकमेकांना जोडत जाऊन दुसरा एकच मोठा गोळा करा. मग दोन ओळी पायाच्या रंगाच्या, दोन ओळी या मिसळीच्या गोळ्याच्या. सुईवर दोनच गोळे, रंग नेहमी एकाच कडेला बदलायचा, आणि नको असलेला धागा कडेनं वर आणत जायचा. मिसळीतला रंग ओळीच्या मध्येच बदलला तरी चालतो. उलट त्यामुळेच ती इटलीच्या मफलरसारखी रंगातून रंग फुटल्याची झाक येते.

तुकडे जोडताना गाठ मारू नका, गळ्याला टोचते. जुनं आणि नवं टोक एकत्र धरून पाच-सहा टाके विणा. खरी लोकर असेल तर अजून सोपं: दोन्ही टोकं उसवून एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि तळहातांत जोरात चोळा, चिकटून एक होतात.

गोळ्यांचा क्रम लावताना लाल-हिरवा असा विचार करण्यापेक्षा फिका-गडद असा करा. गोळे ओळीनं मांडा आणि फोनवर काळापांढरा फोटो काढा. पायाच्या रंगाशी एकजीव झालेला गोळा बाजूला ठेवा, नाहीतर डोंगर दिसणारच नाहीत. फोन नसेल तर दिवेलागणीला, दिवा लावायच्या आधी बघा. तेच कळतं.

लोकरीबद्दल एक इशारा. दुकानात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रेलिकची असते. ती वाईट नाही, स्वस्त आहे, धुवायला सोपी आहे. पण ती आगीत वितळते. बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा: खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, ॲक्रेलिक वितळून कडक मणी होतो. तो मणी कातडीला चिकटला तर काय, ते तुम्हीच ओळखा. म्हणून ॲक्रेलिकचा मफलर घालून चुलीपुढे किंवा शेकोटीपुढे वाकू नका, आणि त्यावर गरम इस्त्री फिरवू नका. मग आपल्या मेंढरांची लोकर का नको? दख्खनी मेंढीची लोकर राठ, घोंगडीला उत्तम, पण गळ्याला बोचते. तिची घोंगडीच शोभते.

आता दुसरं वाक्य. "विकूही शकतो."

वही घेऊन बसलो. 44 टाक्यांची एक ओळ हात बसलेल्या बाईला साधारण दोन मिनिटं घेते. दहा सेंटिमीटरला साधारण 40 ओळी लागतात. दीड मीटर मफलरला 600 ओळी. म्हणजे 1200 मिनिटं, वीस तास. सगळ्या गप्प झाल्या, कारण विणकाम आपण "बसल्या बसल्या" करतो आणि बसल्या बसल्याचे तास कोणी मोजत नाही.

रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात 2025-26 या वर्षी दिवसाला 312 रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला 39. वीस तासांचे 780. लोकर आणि बाकी किरकोळ मिळून समजा 200. म्हणजे 980 रुपये तर खड्डा खणण्याच्या दरानंच झाले, आणि त्यात हाताच्या कसबाचा एक पैसा धरलेला नाही. आठवडी बाजारात मशीनचा मफलर दोन-तीनशेला मिळतो. त्याच्या शेजारी आपला ठेवून तीनशेला दिला, तर लोकरीचे पैसे जाऊन शंभर उरतात. वीस तासांचे शंभर. तासाला पाच रुपये.

ती सून म्हणाली, "मग लेबल लावू की. तसल्या नावाची लेबलं मिळतात म्हणे, दोन हजारालाही जाईल." नाही. हे मी तिला जेवढ्या ठामपणे सांगितलं तेवढ्याच ठामपणे तुम्हाला सांगते. नागमोडी नक्षी विणणं वेगळं आणि दुसऱ्याचं नाव शिवणं वेगळं. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली खोटं चिन्ह लावण्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. आणि नाव गटाचं आहे, म्हणजे त्रास दहा-बारा घरांना. चिठ्ठीवर "अमक्यासारखा" असंही लिहू नका. त्याची गरजही नाही.

मग करायचं काय? घरात घालायला, लेकीला द्यायला, पोरांना द्यायला हा मफलर अगदी फायद्याचा. पेटीतली लोकर कामी येते आणि घरातल्या घरात कोणी तासांचे पैसे मागत नाही. (मागायला हवेत, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय.) विकायचा असेल तर दोन रस्ते. एक, वेळ कमी करा: जाड लोकर, 6 नंबरच्या सुया आणि तीनऐवजी दोनच घास, म्हणजे 30 टाके. हा बारा-तेरा तासांत होतो. लोकर जास्त लागते, पण मजुरी तीनशेनं उतरते. दोन, बाजार बदला. आठवडी बाजारात याला गिऱ्हाईक नाही. पुण्यातली भीमथडी जत्रा, बचत गटांची सरस प्रदर्शनं, थंडीत महाबळेश्वर-पाचगणीला येणारे लोक, तिथे हातच्या कामाचे पैसे मोजणारे भेटतात. आम्ही ठरवलंय, वीस तासांचा मफलर 1200 च्या खाली द्यायचा नाही. घासाघीस झालीच तर गिऱ्हाइकाला बारा तासांचा दाखवायचा, पण या मफलरची किंमत उतरवायची नाही. आणि आधी दहाच विणायचे. दहा गेले तरच अकरावा.

शेवटचं काम. टाके बंद करताना उजव्या हातात एक नंबर जाड सुई, म्हणजे 7 नंबरची घ्या. घट्ट बंद केलेत तर शेवटची टोकं चेपतात आणि एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला माळरान दिसतं. मग गार पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आणि खाटेवर पंचा पसरून त्यावर सावलीत सपाट वाळवा, डोंगराचं एकेक टोक बोटानं ओढून. दोरीवर टाकलात तर लांबतो. वाळल्यावर चिठ्ठी बांधा. आमच्या चिठ्ठीवर गटाचं नाव, गावाचं नाव, लोकर कसली, धुवायचं कसं, आणि खाली एक ओळ आहे: "विणायला लागलेले तास: 20."