फोन पिशवीत ठेवून निळोण्याला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. कार्यवाह बाईंनी विषय दिला आहे, 'मोबाईल आणि आरोग्य'. त्यावर खरे म्हणजे डॉक्टरांनी बोलावे. मी आपल्याशी गेल्या कार्तिकातल्या आवळीभोजनाविषयी बोलणार आहे, आणि त्याआधी एका चुकीविषयी. ती चूक माझी आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आपल्यातल्या एका भगिनीचे यजमान वारले. बातमी मंडळाच्या ग्रुपवर आली तेव्हा मी गॅसवर भाजी टाकून उभी होते. एका हाताने उलथणे धरून दुसऱ्या हाताने मी जोडलेल्या हातांचे चित्र पाठविले. पाहते तो तसेच हात एकाखाली एक, किती तरी! लगेच कोणाची तरी ढोकळ्याची कृती आली, तीही मी पाहिली. त्यांचे घर माझ्या घरापासून तिसऱ्या गल्लीत आहे. दहाव्याला मी गेले, तेराव्यालाही गेले, परंतु त्यांच्याजवळ टेकून "कसे झाले हो?" म्हणून विचारावयास काही बसले नाही. हात जोडले होते ना! ते चित्र पाठविले की मनाला वाटते, आपले कर्तव्य झाले.

आपण सगळ्या मुलांच्या नावाने बोटे मोडतो. पोरगा मान वर करीत नाही, पोरगी जेवताना फोन सोडीत नाही. आपल्याच जिल्ह्यात पुसद तालुक्यात बान्सी नावाचे गाव आहे. तेथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला की, गावातल्या १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरावयाचा नाही. मला बातमी वाचून आनंद झाला आणि मी ती घरात मोठ्याने वाचून दाखविली. तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आई, हे तू कशात पाहून वाचते आहेस?" फोनमध्येच वाचीत होते मी. काय उत्तर देणार?

बान्सीकरांनी धाडस केले, त्यात शंका नाही. पण मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावची रीत अधिक पटली. तेथे २०२२ च्या १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की साऱ्या गावाने टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवावयाचे, ते साडेआठपर्यंत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि निवृत्त गुरुजी घरोघर फिरून आठवण देत. मला आवडले ते हे की, हा नियम बापालाही होता आणि आजीच्या मालिकेलाही होता. पोरांना बंदी घालून आपण रील पाहत बसलो, तर पोरांनी आपले कां ऐकावे?

मी हे घरी करून पाहिले. साडेसात वाजता चौघांचे फोन कपाटावर ठेवले. पहिल्या दिवशी आम्ही चौघे एकमेकांकडे असे पाहत बसलो की जणू स्टेशनवर गाडीची वाट पाहतो आहोत. फोन बंद केल्याने वेळ मोकळा होतो, परंतु त्या वेळाचे करावयाचे काय, ते आपण विसरून गेलो आहोत. आपल्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी घरोघरी भुलाबाई असायची. टिपऱ्या, गाणी आणि शेवटी डब्यात कोणता खाऊ आहे ते ओळखावयाचे. उन्हाळ्यात अंगणात सडा मारून बाजा टाकायच्या. बाहेर जावे लागतच नव्हते, आपण बाहेरच असायचो.

म्हणून मी कार्यकारिणीत म्हटले की, या वेळचे आवळीभोजन हॉलमध्ये नको, निळोण्याच्या धरणावर जाऊ, आणि फोन एका पिशवीत ठेवू. भांडण झाले, हे मी लपवीत नाही. कोणाचा नातू लहान, कोणाच्या सासूबाई एकट्या. आणि फोटो कोण काढणार? शेवटी खजिनदार बाईंचा एक फोन चालू ठेवावा आणि तो नंबर सर्वांनी घरी द्यावा, असे ठरले. धरणावर आवळीचे झाड कोठे शोधावे, म्हणून एक बाई कुंडीतले रोप मांडीवर घेऊन ऑटोत बसल्या. तेवढ्या रोपाच्या सावलीत चाळीस बाया जेवल्या असे म्हणू या!

पहिला तासभर मजाच झाली. जिचा तिचा हात कमरेला, पर्सला जाई आणि रिकामा परत येई. मला दोनदा फोन वाजल्याचा भास झाला. मग गोवऱ्या पेटविल्या, रोडगे भाजावयास ठेवले आणि हातांना काम मिळाले. आपल्या सर्वांत वडील सदस्य, ज्यांना आपण एरवी खुर्चीवरून उठू देत नाही, त्या काठी टेकीत पुढे आणि आम्ही मागे. हा तरोटा, कोवळा असताना याची भाजी करावी, हा आघाडा, हा गोखरू, पायात रुतला की कळेल! निम्म्या झाडांची नावे मला माहीत नव्हती. ज्या धरणाचे पाणी मी वर्षानुवर्षे नळाला पाहते, त्याच्या काठाशी मी इतका वेळ कधी बसले नव्हते. टिटवी ओरडत होती, बगळे उतरत होते.

तेथे पाण्याकडे तोंड करून बसलेल्या असताना त्या भगिनी आपण होऊन बोलू लागल्या. हे मी त्यांना विचारूनच सांगते आहे. यजमान शेवटच्या महिन्यात सारखे म्हणत, "मला बाहेर निंबाखाली बाजेवर निजव." आणि ह्या म्हणत, "थांबा, ऊन आहे, वारा आहे." त्या रात्रंदिवस फोनवर औषधे आणि उपाय शोधीत होत्या. त्या म्हणाल्या, "उपाय काही सापडला नाही आणि बाजही बाहेर टाकायची राहिली." त्या खूप रडल्या. तेराव्याला त्या रडल्या नव्हत्या, तेव्हा आपण त्यांना धीराची बाई म्हणालो होतो. मी त्यांचा हात धरला आणि मी आले नाही म्हणून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मी तुमची वाट पाहिली होती."

त्यानंतर माझ्या मुलीने मला एक गोष्ट वाचून दाखविली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका दवाखान्यात पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या ४६ रोग्यांच्या नोंदी रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जालीम औषधे कमी लागली. हे १९८४ साली छापून आले. जपानात तर १९८२ पासून सरकारचे वनखातेच लोकांना सांगू लागले की, रानात जाऊन शांतपणे फिरा. त्याला ते वनस्नान म्हणतात. झाडाने मोठा आजार बरा होतो असे कोणी समजू नये, औषध ते औषधच. परंतु बाज बाहेर मागणारा माणूस वेडे काही मागत नव्हता, एवढे मी त्या भगिनींना जाऊन सांगितले. या वेळी पायी गेले.

कार्यकारिणीने आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी निळोण्याला जाण्याचे ठरविले आहे. साडेचारला देवळापाशी जमावयाचे. उन्हाळ्यात साडेपाचला निघू. पाण्याची बाटली, बसावयास सतरंजी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी काठी आणावी. पिशवी मीच शिवली आहे, जुन्या इरकलीची, तिला आतून कप्पे आहेत, त्यामुळे फोनवर ओरखडे पडणार नाहीत. खजिनदार बाईंचा नंबर या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर आहे. तो घरी भिंतीवर लिहून ठेवा.