बांधावरची रानभेंडी

आज आम्ही गटातल्या बायका तुमच्याशी रानभेंडीबद्दल बोलणार आहोत. आपण हिला तण म्हणून उपटतो आणि गुऱ्हाळावरचा गुळव्या हिलाच शोधत फिरतो.

जास्वंद, अंबाडी, कापूस, दारातला गुलखैरा आणि भाजीची भेंडी ही सगळी एकाच कुळातली. रानभेंडी ही त्यांची रानात वाढलेली बहीण. पानं हाताच्या पंजासारखी कातरलेली. फूल पिवळं, मधोमध गडद जांभळं. बोंड भाजीच्या भेंडीपेक्षा आखूड, जाड आणि ताठ केसांनी भरलेलं. ते केस बोटांत रुततात, म्हणून हाताला फडकं बांधूनच बोंड तोडायचं.

आता हिचं काम ऐका. काहिलीत उसाचा रस तापायला लागला, की गुऱ्हाळावर भेंडीची खोडं ठेचून पाण्यात कोळतात. ते बुळबुळीत पाणी रसात ओतलं, की रसातली माती आणि चोथ्याचे कण त्याला धरून वर येतात. ती मळी झाऱ्याने काढून टाकली, की रस स्वच्छ होतो. भाजीच्या भेंडीची खोडंही चालतात.

भेंडी मिळाली नाही, की हायड्रोस पावडरीचा डबा उघडतो. तिने गूळ पिवळाधमक दिसतो, पण गंधकाचा अंश गुळात उतरतो. कायद्याने एक किलो गुळात 70 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फर डायऑक्साइड असता कामा नये. काहिलीत किती पावडर पडली, हे भेलीकडे बघून कुणाला कळणार? आणि तो पिवळा रंगही टिकत नाही, गूळ पुढे काळवंडतो. बाळंतिणीच्या लाडवात आणि लेकरांच्या पोळीत हाच गूळ जातो, म्हणून हा विषय आपला आहे.

शास्त्रज्ञांनाही रानातल्या भेंडीचा उपयोग झाला आहे. भाजीच्या भेंडीवर केवडा रोग येतो, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. त्याला तोंड देणारी परभणी क्रांती ही जात मराठवाडा कृषी विद्यापीठाने काढली, ती पुसा सावनी भेंडी आणि रानटी भेंडीची एक जात यांच्या संकरातून. म्हणजे बांधावरचं बी गेलं, की पुढच्या पिकांचा आधारही गेला. आणि बांधावर तणनाशक मारलं, की हे बी पहिलं जातं.

लावायची कशी ते सांगतो. बियाचं कवच टणक असतं. बी जाड वाळूत हलकं चोळा आणि रात्रभर पाण्यात भिजवा. चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली, की बांधाच्या कडेला दोन-दोन फुटांवर टोकण करा. एका ठिकाणी दोन-तीन बिया, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल नाही. पाणी साचतं तिथे लावू नका. रोपं वीतभर झाली, की जोमाचं एक ठेवून बाकीची काढा. पहिला महिना तेवढी भांगलण करा, पुढे झाड आपलं आपण वाढतं.

सगळं बी एकदम टोकू नका. जूनमधली झाडं गुऱ्हाळं पेटेपर्यंत जून होतात, वाळायला लागतात. म्हणून निम्मं बी श्रावणाच्या शेवटी टोका, म्हणजे दिवाळीच्या पुढे हिरवी खोडं हाताशी राहतील. तेव्हा पाऊस नसेल, तर उसाच्या पाटाजवळची जागा निवडा.

एक सावधगिरी घ्या. भेंडी आणि कापसावरची ठिपक्यांची बोंडअळी हिच्यावरही येते. म्हणून भाजीच्या भेंडीपासून आणि कापसापासून ही लांब ठेवा. किडकी बोंडं दिसली, की तोडून नष्ट करा.

बी धरताना बोंड तपकिरी होऊन टोकाला उकलायला लागलं, की लगेच काढा. उशीर झाला तर बी मातीत सांडतं. एकाच झाडाचं बी घेऊ नका, आठ-दहा झाडांचं घ्या आणि दोन-चार झाडं बांधावर तशीच राहू द्या. बी सावलीत वाळवून राखेत मिसळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर गावाचं नाव आणि साल लिहा.

विकायचा विचार असेल, तर लावण्याआधी गुऱ्हाळमालकाशी बोला. किती जुड्या, कधी आणि काय भावाने, हे गटाच्या वहीत लिहून त्यांची सही घ्या. ठरलं तेवढंच लावा. गुळाबद्दल काही विचारायचं असेल, तर कोल्हापूरला प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे.

यंदा बांध साफ करायला माणूस आला, की त्याच्यासोबत एकदा बांधावरून फिरा. पिवळ्या फुलाचं हे झाड दाखवा आणि सांगा, एवढं सोडून बाकीचं काढ.