ध्यान, अंगातली शक्ती आणि आपली बचत

(केम येथे संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. ज्या ताया सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

 

मी उभी राहिले की तुम्हाला वाटतं, आता ही पोरगी परतफेडीचं विचारणार. आज ते शेवटी विचारणार आहे, आधी नाही. आधी मला ध्यानाबद्दल बोलायचंय. गेल्या तीन-चार महिन्यांत मी ज्या ज्या गटात बसले तिथं हा विषय निघाला. कुणी मोबाईलवर बघून डोळे मिटून बसतंय. कुणी विचारतंय, "ताई, बसल्यावर मणक्यातून मुंग्या वर जातात, ते काय असतं?" कुणाची जाऊ म्हणते की हिची कुंडलिनी जागी झाली. आणि एका गटात तर यावरून भांडण झालं, कर्जाचं रजिस्टर आपटलं गेलं. त्या भांडणात माझीही चूक होती. ती आज तुमच्यासमोर सांगणार आहे.

पण आधी माझं स्वतःचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही शिकलेली, हिला काय कळतंय त्यातलं.

मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. घरी आई आजारी, परीक्षा तोंडावर आणि मला रात्र रात्र झोप नाही. एका मैत्रिणीनं सांगितलं म्हणून इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले. सत्यनारायण गोयंका गुरुजींनी सुरू केलेलं हे केंद्र, तिथं 1976 पासून शिबिरं होतात. गुरुजी मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. डोकं इतकं दुखायचं की कुठलं औषध लागू पडेना, त्या दुखण्यापायी ते 1955 मध्ये ध्यान शिकायला गेले. म्हणजे साक्षात्कार हवा म्हणून गेले नव्हते, डोकेदुखी जावी म्हणून गेले होते. हे मला फार आवडतं.

तिथं पहाटे चारला घंटा होते. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा. दहाव्या दिवसापर्यंत बाकीच्या कुणाशी बोलायचं नाही, खुणासुद्धा नाही. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. फी नाही, राहण्या-जेवणाचेही पैसे नाहीत. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर ते चालतं. तीन दिवस नुसता नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. तुम्हाला सांगते, पहिल्या दिवशी मी श्वास कमी आणि आईच्या औषधांचा हिशोबच जास्त बघितला. चौथ्या दिवसापासून अंगावर काय काय जाणवतंय ते डोक्यापासून पायापर्यंत बघायला शिकवतात.

सहाव्या दिवशी दुपारी माझ्या कमरेपासून मानेपर्यंत काहीतरी गरम सरसर वर गेलं. अंग हलकं झालं. डोळ्यांतून पाणी थांबेना, पण रडू दुःखाचं नव्हतं. एवढं हलकं मला लहानपणी आईच्या मांडीवरसुद्धा वाटलं नव्हतं. खोटं नाही सांगत. मला वाटलं, झालं, आपलं काहीतरी उघडलं. धावत शिकवणाऱ्या बाईंकडं गेले. त्या साठीच्या असतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आलं तसं जाईल. जा, बसा." बस, एवढंच! मला राग आला. घरी नवी साडी दाखवावी आणि कुणी मान वर करून बघूच नये, तसं झालं.

त्या बरोबर होत्या, पण मला पटायला वेळ लागला. घरी आल्यावर मला तेच पुन्हा हवं होतं. रात्री तीन-तीन तास बसायला लागले. जेवण कमी केलं, झोप दोन तासांवर आणली. अंग थरथरलं की आनंद व्हायचा, कानात आवाज आला की आनंद व्हायचा. महिनाभरानं एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या खाली. कानातला आवाज, धडधड, डोळ्यांपुढच्या चांदण्या, यातलं बरंचसं माझं रक्त कमी झाल्यामुळं होतं. दोष शिबिराचा नव्हता. तिथं रोज सांगत होते की सुखाच्या संवेदनेच्या मागं लागू नका. मीच हावरी.

मग सहाव्या दिवसाचं ते खोटं होतं का? नाही. ते मला अजूनही खरंच वाटतं. मी आजही रोज सकाळी अर्धा तास बसते. फक्त आता लोहाच्या गोळ्या खाऊन बसते.

आता गटातली गोष्ट. त्या ताईंना विचारून सांगतेय. नाव, गल्ली, गट काही सांगणार नाही, आणि कुणी ओळखलंत तरी बाहेर बोलू नका.

त्या कुंकवाच्या कारखान्यात पॅकिंगला जातात. आपल्या केमचं कुंकू कुठं कुठं जातं ते तुम्हाला मी काय सांगू. त्या ताईंच्या मालकांना जाऊन काही वर्षं झाली. दिवसभर दुसऱ्यांच्या कपाळाचं कुंकू पुड्यांत भरायचं, संध्याकाळी घरी जाऊन हात, मान, भांग घासून धुवायचा. भांगात भुकटी राहिली आणि कुणी बघितलं तर काय म्हणेल, ही धास्ती. हळदी-कुंकवाला त्यांना कुणी बोलवत नव्हतं. आपल्यातल्याच बायका बोलवत नव्हत्या, हेही सांगते.

कुणाचं तरी बघून त्या पहाटे बसायला लागल्या. काही दिवसांनी अंगात आग व्हायला लागली, हात थरथरायला लागले, रात्रीची झोप गेली, छाती धडधडायला लागली. शेजारणींनी ठरवलं, शक्ती जागी झाली. मंगळवारी-शुक्रवारी लोक यायला लागले. ज्यांनी कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही त्या बायका ओटी भरायला आल्या, कपाळाला कुंकू लावून पाया पडल्या. मग एक बाहेरगावचा माणूस आला. म्हणाला, शक्ती जागी झाली खरी, पण ती अर्धवट राहिली तर घरावर उलटते. पुरी जागवायला दीक्षा घ्यावी लागेल, अकरा हजार लागतील.

ताईंनी गटाकडं अंतर्गत कर्ज मागितलं. अर्जात कारण लिहिलं, शेळी.

सभेत ते उघडं पडलं आणि मी तिथं जे केलं त्याची मला लाज वाटते. मी हसले. मग दहा मिनिटं अंधश्रद्धेवर भाषण दिलं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातलं एकेक कलम मोजून दाखवलं, डॉ. दाभोलकरांचं नाव घेतलं. सांगितलेलं एकही चुकीचं नव्हतं. पण ताई उठल्या, रजिस्टर आपटलं आणि निघून गेल्या. दोन महिने सभेला आल्या नाहीत. पाच हजार त्यांनी दुसरीकडून व्याजानं काढून त्या माणसाला दिले. ते पैसे आजपर्यंत परत आलेले नाहीत.

मला कॉलेजात शिकवलं होतं की आधी ऐकावं. परीक्षेत त्यावर चांगले मार्कही पडले होते!

शेवटी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. त्या भाकरी करत होत्या. कायद्याचं काही बोलले नाही. माझं स्टँडवर पडलेलं सांगितलं, सहावा दिवसही सांगितला. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "ताई, त्या बसण्याच्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारत नाही. आणि ह्या लोकांनी निदान माझ्या कपाळाकडं बघितलं." मी त्याला काय उत्तर देणार होते?

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी तालुक्याला दवाखान्यात गेलो. देव खोटा की खरा हे ठरवायला गेलो नव्हतो. मी एवढंच म्हटलं, माझं रक्त कमी निघालं तसं तुमचंही बघू. रक्तात थायरॉईड वाढलेला निघाला. थायरॉईड जास्त झाला की अंगात उष्णता वाटते, हात थरथरतात, छाती धडधडते, झोप लागत नाही, वजन उतरतं. ध्यान न करणाऱ्यालाही हेच होतं. गोळ्या चालू झाल्या. आता थरथर बरीच कमी आहे. पहाटेचं बसणं चालू आहे. त्यांना विचारलं तर म्हणतात, देवी होतीच, थायरॉईडही होता. मी वाद घालत नाही. मंगळवारची गर्दी मात्र ओसरली, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं हेही मला कळतं. यंदा संक्रांतीला त्यांच्या गटानं ठरवून त्यांना हळदी-कुंकवाला बोलावलं. दोघी जणी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

काही जणी म्हणतील, मग कुंडलिनी वगैरे सगळं थोतांड का? असं मी कोण म्हणणारी. ज्ञानेश्वर माऊलींनी 1290 साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं सविस्तर वर्णन आहे. गंमत बघा, तिथं तिला वेटोळं घालून निजलेल्या, कुंकवानं माखलेल्या नागिणीच्या पिलाची उपमा आहे. कुंकवाच्या गावात राहून हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं! पण त्याच ज्ञानेश्वरीत बाराव्या अध्यायात तो योगाचा मार्ग किती खडतर आहे आणि भक्ती त्यापेक्षा कशी सोपी आहे, हेही सांगितलंय. आणि माऊलींनी त्यासाठी अकरा हजार मागितले नव्हते.

दुसरी आठवण संत बहिणाबाईंची. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नाहीत, या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. त्यांनी स्वतःच्या आयुष्याचे अभंग लिहून ठेवलेत. कोल्हापुरात असताना त्यांचं लाडकं वासरू मेलं, त्या काही दिवस शुद्धीवर नव्हत्या, आणि मग त्यांना तुकोबांचं दर्शन झालं. बघायला लोक जमायला लागले तसा नवरा चिडला. त्याआधीही त्यानं मारलं होतं, बांधून घातलं होतं. हे त्यांनीच लिहिलंय. म्हणजे बाईला काही आतलं जाणवलं की एक तर पाया पडायचं नाहीतर मारायचं, हे तेव्हापासूनच चालत आलंय. तिच्याजवळ बसून तिला काय होतंय ते विचारणारं कुणी नव्हतंच.

ज्यांना बसायचंय त्यांनी बसा. दहा मिनिटांपासून सुरू करा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर किंवा भिंतीला टेकून. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही, फक्त बघायचा. मन शेतात गेलं, चुलीकडं गेलं, तर परत आणायचं, त्यात काही चुकलं नाही. मुंग्या, उष्णता, हलकेपणा, रडू, असं काही येऊ शकतं. येऊ दे, जाऊ दे. पण झोप उडाली, खाणं सुटलं, छाती सारखी धडधडायला लागली, इतरांना ऐकू न येणारे आवाज येऊन काही करायला सांगायला लागले, किंवा जगू नये असं वाटायला लागलं, तर बसणं थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. ज्यांना आधी मनाचा मोठा आजार झालाय त्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला परस्पर जाऊ नये. केंद्राच्या अर्जातही ते विचारतात, लपवू नका. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर फुकट आहे, तिथं मराठीतून बोलता येतं. लिहून घ्या, घरातल्या पोरींनाही द्या.

आणि कुणी म्हणालं की एकटीच ये, घरी सांगू नको, औषध बंद कर, पैसे दिले नाहीस तर शक्ती उलटेल, तर त्या माणसाला आपल्या ध्यानाशी काही घेणंदेणं नाही. अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, फसवणं हा त्याच 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार होऊ शकते. आपल्या ताईंनी अजून केलेली नाही. करायची की नाही हे त्या ठरवतील. मी दोन्ही वेळी त्यांच्यासोबत जाईन असं सांगून ठेवलंय.

त्या गटानं नंतर ठराव केला. दीक्षा, उतारा, अंगात येणं यासाठी अंतर्गत कर्ज द्यायचं नाही. पण दवाखान्याच्या तपासणीसाठी अर्ज आला तर पुढच्या सभेची वाट न बघता तिघींच्या सहीनं त्याच दिवशी द्यायचं. बाकीच्या गटांनी आपापल्या सभेत यावर बोलावं. तसाच ठराव करा असं मी म्हणत नाही.

पुढच्या महिन्यापासून सभेच्या सुरुवातीला दहा मिनिटं गप्प बसून बघू. कुठल्या एका देवाचं नाव घ्यायचं नाही, ज्याचं त्यानं मनात घ्यावं. पोरं रडतील, बाहेर ट्रॅक्टर जाईल, चालतंय. ज्यांना नको त्यांनी तेवढ्या वेळात बचतीचे पैसे मोजून ठेवावेत. आरोग्यसेविका ताईही येणार आहेत, ज्यांचं हिमोग्लोबिन वर्षभरात तपासलेलं नाही त्यांनी नाव द्या. थायरॉईडसाठी तालुक्याला जावं लागेल, तेव्हा जमल्या तर सगळ्या मिळून एक गाडी करू.

आता परतफेड. मागच्या महिन्याचे तीन हप्ते राहिलेत. कुणाचे ते मी बोलत नाही, ज्यांचे आहेत त्यांना माहीत आहे. पासबुक सोबत आणा.