पडसे आणि फ्लू : भेद कसा ओळखावा
(व्याख्यानाचे शब्दांकन)



श्रावण-भाद्रपदात पावसाची झड लागली की बीड जिल्ह्यात घरोघरी शिंका सुरू होतात. ‘पडसे आहे, सुंठेच्या काढ्याने जाईल’ असे म्हणून मंडळी दुकानात आणि स्थानकात नेहमीप्रमाणे येत-जात राहतात. बहुधा ते खरोखर पडसेच असते आणि आपोआप जाते. परंतु त्याच दिवसांत इन्फ्लुएन्झा, अर्थात फ्लू, घरात शिरतो आणि त्यालाही पडसेच म्हटले जाते. घोटाळा होतो तो येथे.

पडसे दबक्या पावलांनी येते. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहू लागते, शिंका येतात. मोठ्या माणसाला ताप सहसा येत नाही. माणूस कुरकुरतो, पण आपले काम करीत राहतो. फ्लूची रीत निराळी. सकाळी गल्ल्यावर बसलेला माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळतो. थंडी वाजून १०१ ते १०३ अंश ताप, ठणकणारे डोके, मोडून आलेले अंग, कोरडा खोकला, आणि उठून पाणी घेण्याचेही त्राण नाही. पडसे आठ-दहा दिवसांत ओसरते. फ्लूचा ताप तीन ते पाच दिवसांत उतरला तरी थकवा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. मात्र लहान मुलांना साध्या सर्दीतही ताप येतो, आणि वृद्धांना फ्लूमध्ये कधी ताप येतच नाही. केवळ ग्लानी येते, अन्न नकोसे होते, बोलणे असंबद्ध होते.

हा भेद महाराष्ट्राला २००९ साली फार महागात पडून कळला. ३ ऑगस्टला पुण्यात एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूचा देशातील तो पहिला बळी. त्यानंतर शाळा व चित्रपटगृहे काही दिवस बंद झाली आणि नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. साधे पडसे असलेली माणसेही भयापोटी त्याच रांगांत उभी राहिली. निष्काळजीपणा जितका घातक, तितकीच ही घबराटही. त्याच महिन्यात केंद्र सरकारने रुग्णांचे तीन गट पाडले. सौम्य ताप-खोकला असणाऱ्याने घरीच, इतरांपासून दूर राहावे. तीव्र ताप व घसादुखी असेल, किंवा सौम्य लक्षणे असूनही रुग्ण पाच वर्षांखालील बालक, गर्भवती, ६५ वर्षांवरील वृद्ध अथवा मधुमेह, दमा, हृदयविकार असलेला असेल, तर डॉक्टरांनी ओसेल्टामिव्हिर द्यावे. धाप, छातीत दुखणे, गुंगी, थुंकीत रक्त किंवा निळसर नखे दिसली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

ओसेल्टामिव्हिरचा गुण पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक येतो. ‘पडसेच आहे’ म्हणण्यात नेमके हेच दोन दिवस निघून जातात. अँटिबायोटिक गोळ्या तर दोहोंवरही निरुपयोगी, कारण दोन्ही आजार विषाणूंचे. तरी औषधाच्या दुकानातून त्या सर्रास नेल्या जातात!

पावसाळ्यात डेंग्यूही असतो. त्यात डोळ्यांच्या मागे दुखते, पण नाक सहसा वाहत नाही; तेथे ॲस्पिरिन वर्ज्य. २०२० पासून कोविडची भर पडली. त्याची लक्षणे फ्लूशी इतकी जुळतात की तपासणीवाचून डॉक्टरांनाही खात्री देता येत नाही.

मुखवस्त्रिका असताना वेगळा मास्क कशाला, असे कोणी विचारतात. तिचा हेतू अहिंसेचा आहे. ती मुख झाकते, नाक नव्हे. फ्लूच्या रुग्णाला दोन्ही झाकावी लागतात.

पर्युषण नेमके या साथीच्या दिवसांत येते. अठ्ठाईच्या पाचव्या दिवशी तपस्वीचे अंग तापले, तर घरचे त्याला तपाची उष्णता समजतात. ज्वरात शरीरातील पाणी झपाट्याने घटते आणि चौविहारात रात्रभर पाण्याचा थेंबही नसतो. लघवी कमी होणे, उठताच चक्कर येणे, हाक मारूनही नीट उत्तर न मिळणे, एवढे दिसले तरी डॉक्टरांना बोलवावे. प्रत्याख्यानात समाधीसाठी आगार ठेवलेला असतो आणि अशा प्रसंगी औषध घेण्यास त्याचा आधार आहे. साधु-साध्वींना विचारल्यास तेच याविषयी मार्गदर्शन करतात. वयस्क श्राविकांना हे ठाऊक असते. पण तपस्वी सासूबाईंचा ताप पाहण्यासाठी थर्मामीटर पुढे करण्याचा धीर घरातल्या सुनेला होत नाही.