हातोहात छायाचित्र

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यांत, तापीच्या कांठीं, सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताच्या दर्शनाइतकीच तिची ख्याति घोड्यांच्या बाजाराबद्दल आहे. दूरदूरचे सौदागर येतात, जनावराचे दांत पाहिले जातात, चाल पाहिली जाते आणि मग सौदा ठरतो. अशा जागीं घोड्यासह त्याच्या नव्या मालकाचें छायाचित्र काढावें आणि सौद्याचे पैसे मोजून होण्याच्या आंत तें त्याच्या हातीं ठेवावें, ही कल्पना मोठी मोहक आहे. पण ती नवी मात्र नव्हे.

हिंदुस्थानांत हें काम लांकडी पेटीनें फार पूर्वींपासून केलेलें आहे. तिला लोक ‘मिनिट कॅमेरा’ म्हणत. पेटीच्या पुढें भिंग, बहुधा एखाद्या जुन्या प्लेट-कॅमेऱ्यावरून काढलेलें. बाजूला हात घालण्यासाठीं काळ्या कापडाची बाही. आणि पेटीच्या पोटांतच रसायनांच्या बशा. कारागीर छपाईच्या कागदावरच पहिलें चित्र घेई. त्यांत काळें तें पांढरें आणि पांढरें तें काळें उमटे. मग तो ओला कागद भिंगासमोरच्या फळीवर चिकटवून त्याचेंच पुन्हा चित्र घेतलें कीं गिऱ्हाइकाचें खरें रूप बाहेर येई. कॅमेरा आणि अंधारखोली एकाच पेटींत नांदत असत. जयपूरच्या हवामहलासमोर अशा पेट्या पर्यटकांनीं अगदीं अलीकडच्या काळांतहि पाहिल्या आहेत. या पेटीवाल्याचें एक भाग्य असें कीं, त्याला अमुकच कारखान्याची अमुकच फिल्म लागत नसे. बाजारांत जो छपाईचा कागद मिळेल तो कापला कीं त्याचें काम भागे.

हें स्वातंत्र्य पुढच्या, अधिक चतुर यंत्रानें घालविलें. अमेरिकेंत एडविन लॅंड यांच्या लहान मुलीनें १९४३ सालीं, काढलेलें चित्र लगेच कां दिसत नाहीं, असें वडिलांना विचारल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. लॅंड यांनीं २१ फेब्रुवारी १९४७ रोजीं न्यूयॉर्क येथें आपल्या पद्धतीचें प्रात्यक्षिक करून दाखविलें आणि २६ नोव्हेंबर १९४८ रोजीं बोस्टनमधील एका मोठ्या दुकानांत पोलरॉइडचा पहिला कॅमेरा, मॉडेल ९५, विक्रीस आला. किंमत ८९ डॉलर ७५ सेंट. मांडलेले सारे कॅमेरे पहिल्याच दिवशीं संपले. त्यांत दोन गुंडाळ्या असत, एक प्रकाश टिपणाऱ्या कागदाची व दुसरी चित्र उमटविणाऱ्या कागदाची. दोन्ही कागद बाहेर ओढतांना रुळांच्या चिमटींतून जात, तेथें रसायनाची चिमुकली पुडी फुटे, रस सारखा पसरे आणि मिनिटभरानें कागद सोलले कीं चित्र तयार. १९६३ सालीं गुंडाळीच्या जागीं सुट्या तावांची पेटी आली. १९७२ सालीं एसएक्स-७० या कॅमेऱ्यानें सोलण्याचीहि गरज ठेविली नाहीं.

या सर्व यंत्रांत एक गोम होती. फिल्म बनविणारा एकच, आणि त्यानें हात आंखडला कीं यंत्र निर्जीव. गुंडाळीची फिल्म १९९२ सालीं बंद पडली. पोलरॉइडनें २००८ सालीं तत्काळ फिल्मचें उत्पादन थांबवीत असल्याचें जाहीर केलें. सोलावयाच्या तावांची फिल्म त्यानंतरहि फुजी ही जपानी कंपनी बनवीत होती, तीहि तिनें २०१६ सालीं आवरती घेतली. उत्तम भिंगें, चामड्याचे अभंग भाते आणि घड्याळासारख्या झडपा असलेले हजारों कॅमेरे अशा रीतीनें कपाटांतल्या शोभेच्या वस्तु झाले.

आतां हौशी लोक या वस्तूंना पुन्हा कामाला लावूं लागले आहेत. महाराष्ट्राला ही बुद्धि परकी वाटूं नये. कोल्हापुरांत आनंदराव व बाबूराव या पेंटर बंधूंनीं स्वतःच कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला होता. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले, पण बाबूरावांनीं काम तडीस नेलें आणि घरच्या घरीं सिद्ध केलेल्या कॅमेऱ्यावर काढलेला ‘सैरंध्री’ १९२० सालीं पडद्यावर आला. त्यापुढें तयार पेटीची पाठ बदलणें हें अगदींच किरकोळ काम म्हणावें लागेल.

हें काम करण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली वाट १२० क्रमांकाच्या साध्या गुंडाळी-फिल्मची. ही फिल्म सुमारें सहा सेंटिमीटर रुंद असते. पोलरॉइडच्या जुन्या गुंडाळीचे कप्पे त्याहून बरेच रुंद. म्हणून रिळाच्या दोन्ही टोकांस पितळी अथवा प्लास्टिकच्या चकत्या घालून तें मध्यभागीं बसवावें लागतें. फिल्म वांकूं नये म्हणून वर-खालीं दोन पट्ट्या लावाव्या लागतात आणि रीळ फिरविण्यासाठीं बाजूला भोंक पाडून किल्ली बसवावी लागते. आंकडे पाहण्याची तांबडी खिडकी या कॅमेऱ्यांना नसतेच. तेव्हां फेरे मोजणें हाच उपाय. त्यांतहि भरलेलें रीळ जसजसें जाड होतें तसतसे तेवढ्याच लांबीला फेरे कमी लागतात. यासाठीं एक खराब गुंडाळी घालून, प्रत्येक चित्राच्या कडेला पेन्सिलीची खूण करून, फेऱ्यांचा हिशेब आधीं मांडावा. चित्रें मिळतात मोजकीं, पण लांबट आणि रुंद. शहाद्याकडून दिसणारी सातपुड्याची रांग अशा चौकटींत फार शोभते.

दुसरी वाट इन्स्टॅक्सची. ही फुजीचीच तत्काळ फिल्म १९९८ सालीं निघाली. धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार वेगळा झाला तोहि त्याच वर्षीं. तिच्या मोठ्या प्रकारांतील चित्र ९९ मिलिमीटर लांब व ६२ मिलिमीटर रुंद असतें. कुशल कारागीर नव्या इन्स्टॅक्स कॅमेऱ्याची पाठ, तिच्या रुळांसकट, जुन्या पेटीला जोडतात. ज्यांस करवत चालवावयाची नाहीं त्यांच्यासाठीं एक गरिबीची युक्ति आहे: दोन बाह्यांच्या काळ्या पिशवींत हात घालून एक ताव जुन्या कॅमेऱ्यांत ठेवावा, चित्र घ्यावें, पुन्हा पिशवींत तो ताव इन्स्टॅक्स कॅमेऱ्याच्या पेटींत परत घालावा आणि भिंग झांकून कळ दाबावी. रूळ पुडी फोडतात व चित्र बाहेर येतें. रुळांवांचून मात्र गत्यंतर नाहीं. रसायन तावाच्या कडेलाच कोंडलेलें असतें.

येथें नवशिक्याला चकविणारी एक गोष्ट आहे. एसएक्स-७० जातीची फिल्म ज्या बाजूनें प्रकाश घेते त्याच बाजूनें पाहावयाची असते. म्हणून त्या कॅमेऱ्याच्या पोटांत आरसा असतो. ही फिल्म आरसा नसलेल्या सरळ पेटींत घातली तर डावें तें उजवें होतें. दुकानाची पाटी उलटी वाचावी लागते आणि नवरीची नथ भलत्याच नाकपुडींत दिसते. इन्स्टॅक्स मागून प्रकाश घेते व पुढून पाहिली जाते. त्यामुळें तिला आरसा नको. जुन्या सरळ पेटीशीं तिचें जमतें त्याचें कारण हेंच.

पाठ बदलली कीं फिल्मची जागा थोडी मागें सरकते, आणि तेवढ्यानें दूरचें सारें धूसर होतें. घडीच्या कॅमेऱ्यांत भिंग तितकेंच मागें घेतां येतें, हा भात्याचा मोठा फायदा. फिल्मच्या जागीं पातळ ट्रेसिंग कागद ताणून, डोंगराची दूरची कड त्यावर रेखीव उमटेपर्यंत भिंग सरकवावें आणि तेथें खूण करावी. भात्यांत छिद्रें आहेत कीं काय हें अंधाऱ्या खोलींत आंत विजेरी ठेवून पाहावें. चामड्याच्या कोंपऱ्यांना तीं हमखास असतात.

१९६३ नंतरच्या कित्येक पोलरॉइड कॅमेऱ्यांना प्रकाश मापणारा विजेचा डोळा असतो. तो ३००० संवेदनक्षमतेच्या फिल्मसाठीं लावला आणि आंत इन्स्टॅक्सची ८०० ची फिल्म असली, तर चित्र काळवंडतें. डोळ्यावर चौथा हिस्साच प्रकाश जाऊं देणारी करडी कांच चिकटविली कीं तो फसतो आणि झडप चौपट वेळ उघडी ठेवतो. पोलरॉइड ११० ए सारख्या हातानें जुळवावयाच्या कॅमेऱ्यांत ही फसवाफसवी लागत नाहीं. त्यांचें १२७ मिलिमीटरचें जर्मन भिंगहि उत्तम असतें, आणि फेरबदलासाठीं त्यांनाच जास्त मागणी आहे.

हवामानाचा विचार नंदुरबारसारख्या प्रदेशांत सोडून चालत नाहीं. पोलरॉइडच्या आजच्या फिल्मला १३ ते २८ अंश सेल्सिअस मानवतें, इन्स्टॅक्सला ५ ते ४०. वैशाखांतल्या दुपारीं तेथें पारा चाळिशीच्या वर जातो. अक्कलकुव्याच्या काठी गांवची राजवाडी होळी फाल्गुनांत रात्रभर नाचून पहाटे पेटते, तें या फिल्मला सोसण्यासारखें आहे. ज्वाळेकडे रोखलेला विजेचा डोळा मात्र तेथें दिपतो आणि मोरपिसांचे टोप घातलेले नर्तक नुसत्या सावल्या होऊन उमटतात. त्यापेक्षां उजाडूं द्यावें, घुंगरांचा आवाज थांबलेला असावा, आणि मग विचारून चित्र घ्यावें.

हें विचारणेंच या साऱ्या खटाटोपांत महत्त्वाचें आहे. सातपुड्याच्या पाड्यांवरील माणसांचीं छायाचित्रें वर्षानुवर्षें काढलीं गेलीं. वृत्तपत्रांसाठीं काढलीं, अभ्यासासाठीं काढलीं, आणि त्यांतलीं बहुतेक शहराकडे निघून गेलीं. याच जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यासाठीं प्रत्येकाचा चेहरा, बोटांचे ठसे व बुबुळें टिपलीं गेलीं, तीं सरकारच्या नोंदींत आहेत. तो राज्यकारभाराचा भाग झाला. पण ज्याचा चेहरा त्याच्याच भिंतीवर लागावा असें चित्र निराळें. आज खेडोपाडीं मोबाइल आहेत आणि त्यांत चित्रेंहि पुष्कळ आहेत. मोबाइल बिघडला कीं तीं जातात. कागदाचें चित्र आजी चौकटींत बसविते.

म्हणून दोन वाटांतली कोणती, हा प्रश्न केवळ कारागिरीचा राहत नाहीं. १२० ची फिल्म स्वस्त पडते, अनेक कारखाने ती बनवितात, तिच्यापासून हव्या तितक्या प्रती काढतां येतात. भिंगाचें सारें तेज तिच्यांतच दिसतें. पण ती धुवून चित्र येईपर्यंत सारंगखेड्याचा सौदागर आपल्या गांवीं पोंचलेला असतो. जुन्या पेटीचें मूळ काम हातोहात देण्याचें होतें, तें इन्स्टॅक्सनेंच टिकतें. आणि ज्यांना माणसांचीं चित्रें घ्यावयाचीं आहेत त्यांनीं, ताव महाग पडले तरी, हीच वाट धरावी. एका तावाचें एकच चित्र होतें. तें समोरच्याला दिलें कीं काढणाऱ्याजवळ कांहींच उरत नाहीं, हें मात्र आधीं मनाशीं ठरवून निघावें. दोन ताव खर्चण्याची तयारी असली तर प्रश्नच नाहीं.

मुंबईच्या चोरबाजारांत किंवा एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर अशी पेटी सांपडली, तर लगेच करवत हातीं घेऊं नये. आधीं भिंगांतली बुरशी, झडपेची चाल आणि भाता तपासावा. एसएक्स-७० असेल तर तिला हात लावण्याचें कारणच नाहीं. हॉलंडमधील एन्शेडे येथील पोलरॉइडचा बंद पडलेला कारखाना कांहीं उत्साही मंडळींनीं पुन्हा चालविला आणि २०१० पासून तिची फिल्म मिळूं लागली. इतर पेट्यांतून काढलेले रूळ, दारें आणि स्क्रू एका डब्यांत घालून, कोणता तुकडा कोठला हें चिठ्ठीवर लिहून, तो डबा कॅमेऱ्याच्या चामडी पिशवींतच ठेवावा.